साडेपाचला उरकलेले पुरस्कार

पडद्याआड (नौपाडा, ठाणे)

रविवारी रात्री एका मराठी चित्रपट पुरस्कार सोहळ्याचं प्रक्षेपण पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जाहिरातींसकट. नाच झाले, प्रहसनं झाली, लाल गालिच्यावरच्या मुलाखती झाल्या. मग निवेदिका म्हणाली, "आता पाहू या तांत्रिक विभागातले विजेते," आणि एका मिनिटाच्या आत तो विभाग संपला. संकलन, छायालेखन, ध्वनी, कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, सगळी नावं एका दमात सरकून गेली. ज्यांनी वर्षभर खपून तो चित्रपट उभा केला त्यांचे चेहरे नखाएवढ्या चौकोनात. लगेच पुढचा नाच सुरू.

मला पुरस्कार सोहळे मनापासून आवडतात, हे आधी सांगून टाकतो. चित्रपटांवर लिहायला लागून २१ वर्षं झाली, तरी ऑस्करच्या सोमवारी मी पहाटे उठतो. १३ मार्च २०२३ ला 'नाटू नाटू'चं नाव पुकारलं तेव्हा ठाणे स्टेशनच्या फलाटावर होतो. एका मुलाच्या मोबाइलवर आम्ही सात-आठ जण वाकून पाहत होतो, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. संगीतकार कीरवाणी मंचावर गाऊन आभार मानत होते. समोर आलेली लोकल दोघांनी सोडली. असा आनंद एका गाण्यामुळे अनोळखी माणसांना एकत्र होतो, म्हणून मला हे सोहळे हवे आहेत. आणि म्हणूनच ते नीट व्हावेत असं वाटतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सोहळ्याचं निमंत्रण होतं, वेळ सातची. गाड्यांचा भरवसा नाही म्हणून लवकर निघालो आणि साडेपाचलाच पोचलो. सभागृहात खुर्च्यांवरची प्लॅस्टिकची आवरणं अजून काढायची होती. कडेला सुतारकाम चाललं होतं. आणि मंचावर पुरस्कार देणं सुरू होतं! तांत्रिक विभाग पाहुणे येण्याआधी उरकून घेत होते. ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार एका तरुणाला मिळाला. त्याची आई इरकल नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या, त्या रिकाम्या सभागृहात घुमल्या. मुलाने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, तर खालून कुणीतरी म्हणालं, "भाषण नको, फक्त फोटो." त्याने कागद परत खिशात ठेवला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं आणि तो कागद वाचायला मागितला. सात नावं होती. बूम, म्हणजे लांब दांडीचा माइक, धरणारा मुलगा, मिक्सिंग करणारी बाई, आणखी काही जण. शेवटचं नाव एका शेतकऱ्याचं. चित्रपटात रात्रीचा एक लांब प्रसंग होता, बाप आणि मुलगी ओट्यावर बसून हळू आवाजात बोलतात. शेजारच्या विहिरीवरचा पंप चालू असता तर ते बोलणं मुद्रित झालंच नसतं. त्या भागात वीज यायची ती रात्रीच, पाणी देण्याची वेळ तीच. तरी त्या शेतकऱ्याने दोन रात्री पंप बंद ठेवला. दोन रात्रींचं पाणी सोडलं. त्या प्रसंगाबद्दल मी परीक्षणात लिहिलं होतं की दोघांचा अभिनय श्वास रोखून धरायला लावतो. तो श्वास मला ऐकू आला कुणामुळे, हे त्या कागदावर होतं. मंचावर ते वाचलं गेलं असतं तर तीस सेकंद लागली असती.

आणखी एक. आपल्याकडचा फिल्मफेअर पुरस्कार २१ मार्च १९५४ ला मुंबईच्या मेट्रो सिनेमात पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा त्याला 'क्लेअर' म्हणत, 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून. एका समीक्षक बाईच्या नावाचा पुरस्कार! त्या वर्षी विभाग फक्त ५ होते: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, संगीत. पार्श्वगायकालासुद्धा जागा नव्हती. १९५७ मध्ये 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला, त्यांनी लताबाईंना सोहळ्यात गायची विनंती केली, आणि लताबाई नाही म्हणाल्या. गायकाला पुरस्कारच नसेल तर मी का गाऊ? १९५९ पासून पार्श्वगायनाचा विभाग सुरू झाला आणि पहिला पुरस्कार त्यांनाच, 'मधुमती'साठी. जे पडद्यावर दिसत नाहीत त्यांची जागा अशी भांडून मिळालेली आहे.

तुम्ही या क्षेत्रात असाल, घरातलं कुणी असेल, किंवा नुसते प्रेक्षक असाल, तरी पडद्यामागच्या माणसांना मिळणाऱ्या या वागणुकीबद्दल तुमचा अनुभव लिहा. मला हे मनापासून जाणून घ्यायचं आहे.

जुना तिकीटवाला (ठाणे पूर्व)

मी एका टॉकीजमध्ये अकरा वर्षं दारावर होतो. 'समाप्त'ची पाटी यायच्या आधीच माणसं उठायची, कारण बाहेर रिक्षा मिळायची नाही. आम्हीही दारं उघडायचो, दिवे लावायचो. नावं पांढऱ्या उजेडात वाहून जायची. आमचे प्रोजेक्टरवाले काका मात्र शेवटचं नाव जाईपर्यंत मशीन बंद करत नसत. मॅनेजर ओरडला तरी नाही. आता ते टॉकीज नाही. ठाण्यात टॉकीज गेली आणि नावं राहिली, वंदना टॉकीजच्या नावाचं एसटी स्टँड आहेच.

ऐरोलीकर (नवी मुंबई)

मी अशा सोहळ्यांच्या निर्मितीत सहा वर्षं काम केलंय, म्हणून आतली बाजू मांडतो. कुणाचा अपमान करायचा असं कुणाच्या मनात नसतं. चित्रीकरण संध्याकाळी सुरू होऊन रात्री एक-दीडपर्यंत चालतं. मोठ्या कलाकारांच्या वेळा ठरलेल्या असतात, कुणाला दहाला निघायचं असतं, कुणी नऊच्या आधी येत नाही. रनिंग ऑर्डर, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम, दर तासाला बदलते. त्यातून वाहिनीला तीन-साडेतीन तासांचा कार्यक्रम हवा असतो आणि त्यातला बराच वेळ जाहिरातींचा. वीस-पंचवीस विभाग, प्रत्येकाला चालत येणं, घेणं, बोलणं मिळून चार मिनिटं धरली तर नुसते पुरस्कारच दीड तास खातात. मग कात्री कुठे लावायची? ज्याचा चेहरा प्रेक्षक ओळखत नाही तिथे, असं ठरतं. मला ते कधीच पटलं नाही, पण ते ठरवणाऱ्या खोलीत मी होतो.

पडद्याआड

ऐरोलीकर, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. हीच अडचण तिकडेही आली होती. २०१९ मध्ये ऑस्करवाल्यांनी ठरवलं की छायालेखन, संकलन, रंगभूषा-केशभूषा आणि लघुपट हे चार विभाग जाहिरातींच्या वेळात उरकायचे. छायालेखक आणि दिग्दर्शक उघडपणे विरोधात उभे राहिले आणि चार-पाच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. २०२२ ला पुन्हा तेच. या वेळी आठ विभाग थेट प्रक्षेपणाच्या आधी दिले आणि काटछाट करून मध्ये मध्ये दाखवले. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, कलादिग्दर्शन, सगळे त्यात. त्या रात्रीचं काय लक्षात राहिलं? विल स्मिथने ख्रिस रॉकला मंचावर मारलेली थोबाडीत. ज्यांचा पुरस्कार कापला त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. पुढच्या वर्षी २३ च्या २३ विभाग परत थेट दाखवले, म्हणजे वेळ काढायचा ठरवलं तर निघतो.

आणि चेहरा ओळखीचा नाही म्हणून दाखवायचा नाही, तर तो ओळखीचा होणार कधी?

विंगेतला (ठाणे)

मी व्यावसायिक नाटकांना बॅकस्टेज करतो. गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह ही माझी दोन घरं. ऑस्करचा विषय निघालाय तर त्या पाकिटाबद्दल लिहितोच. २६ फेब्रुवारी २०१७, आपल्याकडे २७ ची सकाळ, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी प्रयोगाचं नेपथ्य लावता लावता आम्ही मोबाइलवर पाहत होतो. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'ला ला लँड'चं नाव वाचलं, सगळे मंचावर आले, भाषणं सुरू झाली आणि मग कळलं की पुरस्कार 'मूनलाइट'चा आहे.

लोक वाचणाऱ्यांवर हसले. मला काळजात धस्स झालं ते विंगेतल्या माणसासाठी. तिथे पाकिटांचे दोन संच असतात, मंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण देणारा कुठून प्रवेश करेल त्याप्रमाणे पाकीट हातात द्यायचं. एका बाजूचं उघडलं की दुसऱ्या बाजूचं जोड पाकीट बाजूला काढून ठेवायचं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं जोड पाकीट तसंच राहिलं आणि पुढच्या माणसाच्या हाती गेलं. आमच्याकडे प्रॉपर्टीच्या, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर हीच शिस्त असते. पहिल्या अंकातलं पत्र दुसऱ्या अंकात टेबलावर दिसता कामा नये. वापरलं की पेटीत. हे काम चोख झालं तर कुणालाच दिसत नाही. शंभर प्रयोग चोख केले तर शंभर वेळा दिसत नाही, एकदा चुकलं तर जगाला दिसतं. पडद्याआड, तुमच्या धाग्याचा मुद्दा मला असा कळला.

कळव्याची

मी शिवणकामाचे वर्ग घेते. भारतातून पहिलं ऑस्कर कुणाला मिळालं, असं मी दर नव्या तुकडीला विचारते. मुली नट सांगतात, संगीतकार सांगतात. कोल्हापूरच्या भानू अथैय्या, १९८३, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्यासोबत. हे सांगितलं की वर्ग दोन क्षण गप्प होतो, आणि मग मशिनी जरा वेगळ्याच जोरात चालतात. त्यांनी २०१२ मध्ये ती ऑस्करची बाहुली पुरस्कार देणाऱ्या अकादमीकडे परत सोपवली, आपल्यामागे तिचं जतन व्हावं म्हणून. २०२० मध्ये त्या गेल्या. ती बाहुली इथे, आपल्या माणसांना पाहता येईल अशी जपून ठेवू शकलो असतो तर, असं मला अजून वाटतं. माझ्या मुलींना मी तिच्यासमोर नेऊन उभं केलं असतं.

घोडबंदर_रोज

विषय महत्त्वाचा आहे, पण माझं दुखणं वेगळं. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला मराठी चित्रपट ठाण्यात लागतो कुठे आणि कधी? मागच्या वेळी आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये एकच खेळ होता, मंगळवारी सकाळी सव्वाअकराचा. नोकरी करणारा माणूस जाणार कसा? शुक्रवारी पाहू म्हटलं तर शुक्रवारी काढला. पुरस्कार मंचावर कितीही वेळ दाखवा, चित्रपट दाखवा की आधी.

पडद्याआड

घोडबंदर_रोज, शंभर टक्के खरं. 'श्यामची आई'ने १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणलं, मग तब्बल ५० वर्षांनी 'श्वास'ने. त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'. म्हणजे गेल्या वीस-बावीस वर्षांत मराठीने सर्वोच्च पुरस्कार पुन्हा पुन्हा आणला आहे. 'श्वास' ऑस्करला पाठवायचा म्हणून शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. तो प्रेक्षक संध्याकाळी सातच्या खेळाला नक्की येईल, त्याला तो खेळ द्या. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

कळव्याची ताई, तुमच्या प्रतिसादावरून आमच्या इमारतीतल्या काकू आठवल्या. चरईत राहायच्या, आता आमच्या दुसऱ्या मजल्यावर. वेशभूषा विभागात साहाय्यक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. एकदा गच्चीवर गेलो तर दोरीवर सहा सुती लुगडी वाळत होती, सगळी मळकट तपकिरी. मला वाटलं कुणाची जुनी आहेत. काकू म्हणाल्या, "परवाच दुकानातून आणली." चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली. मग खाली बसून एकाच्या काठावर त्या पॉलिश पेपर घासत होत्या. एकाच ठिकाणी, डाव्या कमरेवर येणाऱ्या भागावर. मी विचारलं, तिथेच का? म्हणाल्या, "हिला तान्हं मूल आहे ना. डाव्या कडेवर घेणार, उजव्या हाताने काम करणार. साडी आधी तिथे विरते." पदराचं टोक वेगळं काळवंडलेलं, कारण ती बाई हात पदराला पुसते. पटकथेत यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

चित्रपट आला. ती बाई पाठमोरी विहिरीकडे जाते, दोन सेकंदांचं दृश्य. लुगड्याचा तो विरलेला भाग दिसला आणि मला त्या बाईचं अख्खं वर्ष दिसलं. काकूंचं नाव श्रेयनामावलीत वेशभूषाकारांच्या खाली चौथ्या ओळीत होतं.

एकांकिकावाली (ठाणे)

हे वाचून अंगावर काटा आला. दादा, आमची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आहे. नायिका विडी कामगार, आणि आमच्याकडे नेसायला आहे ती माझ्या मावशीची नवीकोरी साडी! प्रेक्षकांना ती पहिल्या रांगेतून नवी दिसते. काकूंना चहाच्या पाण्याचं प्रमाण विचारून सांगाल का? आणि किती वेळ बुडवायची? प्लीज.

सानपाडा_स्लो

तंत्रज्ञांचा विषय निघाला की मला सरस्वतीबाई फाळके आठवतात. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम त्या अंधारात बसून करायच्या. रसायनं कालवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार देशातला सर्वोच्च. सरस्वतीबाईंच्या नावाने एखादा पुरस्कार, पडद्यामागच्या बाईसाठी, राज्याच्या पुरस्कारांत असायला हवा. मी हे तीन वेळा पत्राने कळवलंय, चौथं पाठवणार आहे.

विंगेतला

सानपाडा_स्लो, पत्राचा मसुदा इथे टाका. आम्ही बॅकस्टेजची पंचवीस-तीस माणसं सह्या करू.

मुंब्रा_ते_मंत्रालय

राष्ट्रीय पुरस्कारांत तरी सगळ्यांना सारखा मान असतो, असं मी समजत होतो. मग मे २०१८ आलं. ऐन वेळी कळलं की राष्ट्रपती फक्त ११ पुरस्कार देणार आणि बाकीचे मंत्री देणार. पन्नासहून जास्त विजेते समारंभालाच गेले नाहीत. माझा एक मित्र तेव्हा म्हणाला, पदक तेच, पैसे तेच, कुणाच्या हातून मिळालं याने काय फरक पडतो? मला वाटतं फरक पडतो. आयुष्यात एकदा ती वेळ येते, आईवडील गावाहून दिल्लीला आलेले असतात.

पडद्याआड

मुंब्रा_ते_मंत्रालय, आईवडिलांबद्दल लिहिलंत ते अगदी खरं. त्या इरकलवाल्या बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

ऑस्करकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे नामांकन त्या त्या शाखेचे लोक देतात. संकलक संकलकांना, वेशभूषाकार वेशभूषाकारांना. शेवटचं मत सगळ्या सभासदांचं, पण पहिली पारख त्या कामातल्या माणसाची. आणि २०२५ मध्ये त्यांनी नियम केला की ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत. मी दोनदा परीक्षक मंडळावर बसलो. एका ठिकाणी ध्वनीचा विभाग आम्ही लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून ठरवणार होतो. मी म्हटलं, हे मला जमणार नाही, एखाद्या मिक्सिंग थिएटरमध्ये नेऊन ऐकवा. बाकीच्या दोघांनी साथ दिली, आणि नेलं. पाचपैकी ज्याला आम्ही मनात पहिला नंबर दिला होता तो तिथे तिसरा ठरला.

ऐरोलीकर

दोन दिवस या धाग्यावर नुसता येऊन वाचून जातोय. त्या सुरुवातीच्या वेळेतलं सगळं चित्रीकरण साठवलेलं असतं, कॅमेरे तेव्हाही चालू असतात. माझा जुना सहकारी अजून त्या कामात आहे. पुढच्या सोहळ्यात तांत्रिक विजेत्यांना प्रत्येकी एक मिनिट बोलू द्यायचं आणि तो भाग न कापता वाहिनीच्या यूट्यूबवर टाकायचा, एवढं तरी करा, असं मी त्याला काल फोन करून सांगितलं. वेगळा खर्च नाही, फक्त रनिंग ऑर्डरमध्ये वीस मिनिटं आधी धरायची. तो म्हणाला, "लिहून पाठव, मीटिंगमध्ये ठेवतो." रात्रीच पाठवलं. आणि खुर्च्यांची आवरणं त्याआधी काढा, हेही लिहिलं.

कळव्याची

ऐरोलीकर दादा, त्या मीटिंगचं काय झालं ते इथे नक्की कळवा. वाट पाहते.

पडद्याआड

एकांकिकावाली, उशीर झाला, काकू मुलीकडे डोंबिवलीला गेल्या होत्या. आज संध्याकाळी भेटल्या. तुझा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी चष्मा लावून स्वतः परत वाचला. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं:

साडी सुती आहे का ते आधी बघ. कृत्रिम धाग्याला चहा धरत नाही, तसली असेल तर मावशीला परत दे आणि सुती मिळव. नवीन साडीला खळ असते, ती दोनदा गरम पाण्यात धुऊन काढ, नाहीतर डाग पडतील. अर्धी बादली पाण्याला दोन मुठी चहा पावडर, चांगली उकळून गाळून घे, मूठभर मीठ घाल. दूध-साखर अजिबात नको, मुंग्या लागतात. साडी ओली करून मगच बुडव. अर्धा तास ठेव, मध्ये मध्ये हलव. ओली असताना गडद दिसते, वाळली की उतरते, म्हणून घाईने बाहेर काढू नकोस. वाळताना सरळ पसरायची नाही, चुरगाळून दोरीवर टाक म्हणजे रंग एकसारखा बसणार नाही. आधी एका कोपऱ्यावर करून बघ. आणि मावशीला विचारल्याशिवाय करू नकोस, हा रंग परत जात नाही.

मग विडी वळताना बाई कशी बसते ते काकूंनी मला खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसून दाखवलं. मांडीवर सूप असतं, त्याची कड जिथे टेकते तिथली साडी विरलेली हवी, आणि तंबाखूचा पिवळसर डाग बोटं जिथे पुसते तिथे. तो कुठल्या बाजूला पाडायचा हे विचारलं तर म्हणाल्या, "तुमची बाई डावखुरी आहे की उजवी, ते आधी ठरवा."

एकांकिकावाली

लेखकाला आत्ता फोन केला. त्याने हे ठरवलंच नव्हतं. उद्याच्या तालमीत ठरवतो. काकूंना प्रयोगाला बोलवायचंय, पहिल्या रांगेत. त्यांना रविवार जमेल का?